"लिमिटमध्ये घेतली तर काय बिघडतं?"

प्रिय निनाद,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, लिमिटमध्ये घेतली तर काय बिघडतं? थोडी वाइन हृदयाला चांगली असते म्हणतात ना?" दोन वाक्यांत उत्तर द्यायचा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसले. नुसतं "घेऊ नकोस" म्हणून भागायचं तुझं वय आता राहिलं नाही.

आधी हृदयाचं. हा समज कुणी हवेतून काढलेला नव्हता. कितीतरी अभ्यासांत दारू न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारेच जास्त जगताना दिसायचे. घोळ होता तो 'न पिणारे' म्हणून कुणाला धरलं, त्यात. जन्मात थेंब न घेतलेल्यांच्या जोडीला त्याच गटात, तब्येत ढासळल्यामुळे दारू सोडावी लागलेली माणसंही मोजली गेली होती. आजारी माणसं एका बाजूला जमा झाली, की दुसरी बाजू ठणठणीत दिसणारच! शिवाय बेतानं पिणारे बऱ्याचदा सुस्थितीतले, नीट खाणारे, वेळेवर तपासण्या करून घेणारे असतात. त्या सगळ्याचं श्रेय वाइनच्या पेल्याला मिळत गेलं. २०२३ मध्ये टिम स्टॉकवेल या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०७ अभ्यास एकत्र करून, म्हणजे ४८ लाखांवर लोकांची माहिती घेऊन, या उणिवा दुरुस्त करत पुन्हा हिशेब मांडला. थोडी पिणाऱ्यांच्या आयुष्यात ठोस म्हणावी अशी वाढ त्यात दिसली नाही. जास्त पिणाऱ्यांचा मृत्यूचा धोका मात्र वाढलेलाच राहिला.

कॅन्सरच्या बाबतीत तर एवढीही संदिग्धता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच दारूला कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंक्तीत बसवलं. शरीर इथेनॉलचं, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचं, असिटाल्डिहाइड नावाचं घातक रसायन करतं आणि ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध सिद्ध झाला आहे. बिअर 'हलकी' म्हणून सुटत नाही, कारण इथेनॉल सगळ्यांत तेच. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेनं स्पष्टच सांगितलं, की दारूचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. एका पेगानं कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही. थोड्या दारूचा धोका थोडा, आणि प्रमाण वाढेल तसा तो वाढत जातो. पण तू म्हणतोस ती 'लिमिट', जिच्या आत काहीच होत नाही, ती शास्त्राला सापडलेली नाही.

आता तुझ्या वयाचं. मला खरी काळजी आहे ती याची. परिणामांचा विचार करणारा, मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. व्यसन ही त्याच मेंदूनं शिकलेली सवय असते, आणि या वयात मेंदू सगळंच पटकन शिकतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीच्या विश्लेषणात, पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी तिच्या आहारी गेले होते. एकविशीत किंवा नंतर सुरू केलेल्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. वाइनची आकडेवारी तपासली तशीच हीसुद्धा तपासायला हवी. लवकर सुरू करणाऱ्यांच्या घरचे ताण, त्यांचा स्वभाव, हेही त्यात मिसळलेलं असणार. तरीसुद्धा, उशीर करण्यात तुझं काहीच जात नाही, बाळा.

गांजा 'नैसर्गिक' आहे हे वाक्य तुझ्या कानावर आलं असेल, नसेल तर येईल. नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य आज मिळणाऱ्या गांज्यात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असतं. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांच्या अभ्यासात, रोज गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराची शक्यता तिपटीनं आणि रोज तीव्र गांजा ओढणाऱ्यांमध्ये जवळपास पाचपटीनं जास्त आढळली. घरात कुणाला असा आजार असेल, तर हे खेळण्यासारखं नाहीच.

आणि कुणी दिलेल्या गोळ्या, पावडरी यांबाबत मी वाद घालणार नाही, त्यांना हात लावू नकोस. आत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काही देशांत अशा मालात फेंटॅनिल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक मिसळलेलं सापडतं, आणि ते हेरॉइनपेक्षा सुमारे ५० पट जहाल असतं.

शेवटचं सांगते ते मात्र तू प्यायलास, न प्यायलास, तरी लागू आहे. पार्टीत कुणी पिऊन निपचित पडला, हाका मारून, हलवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत चालला असेल, अंग गार पडलं असेल, तर "झोपू दे, सकाळी उतरेल" असं कुणाला म्हणू देऊ नकोस. पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, म्हणजे पुढचा तास आधीच्यापेक्षा वाईट असू शकतो. कॉफी, थंड पाणी, चालवत फिरवणं, यातल्या कशानंही दारू लवकर उतरत नाही. त्याला कुशीवर वळव म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, एकट्याला सोडू नकोस, आणि लगेच रुग्णवाहिका बोलाव. त्यानं झोपेच्या किंवा इतर गोळ्याही घेतल्या असतील तर एक मिनिटही घालवू नकोस, कारण दोन्ही मिळून श्वास बंद पाडू शकतात. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांग, कुणाचीही भीती न बाळगता.

त्यानंतर मला फोन कर. कितीही वाजले असू देत, आणि तो पडलेला मित्र असो की तू स्वतः. पहिला प्रश्न मी "कुठे आहेस?" एवढाच विचारेन.

तुझी,
आई