साक्षरतेनंतरच्या वर्गांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रौढांना साक्षर करण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा’त पायाभूत साक्षरतेबरोबरच निरंतर शिक्षण हाही एक घटक असून, कला आणि संस्कृती या विषयांचे प्रौढांसाठीचे अभ्यासक्रम त्यात स्पष्टपणे धरलेले आहेत. आमच्या भागात मात्र निरक्षरांची नोंदणी झाली, १५० गुणांची चाचणी झाली, प्रमाणपत्रे मिळाली आणि काम तिथेच थांबले. लिहितावाचता येणाऱ्या, पण त्यापुढे काही लिहू पाहणाऱ्या माणसांसाठी गावात कसलीही सोय नाही.

अशी माणसे गावोगाव आहेत. आमच्याकडील एका बचत गटाच्या सचिव रोवणीची (भातलावणीची) गाणी वहीत उतरवून ठेवतात. आईकडून ऐकलेले कडवे वर, स्वतः रचलेले त्याखाली आणि मध्ये एक आडवी रेघ. शिक्षण सातवीपर्यंतचे. ओळ कुठे तोडावी, एकच गोष्ट दोनदा आली तर कोणती ठेवावी, हे त्यांना कोणाला तरी विचारायचे असते, पण विचारणार कोणाला? आणि हा तर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातला नाटकवेडा मुलूख. दिवाळीनंतर येथे गावोगाव रात्रभर नाटके रंगतात आणि लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. त्याच भागातल्या तरुणाला नाट्यलेखन शिकायचे तर नागपूर गाठावे लागते, ही गोष्ट मला फार खटकते. शिबिर संध्याकाळी संपते तेव्हा गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. बायकांना तर घर आणि शेत सोडून मुक्काम करणे जमतच नाही.

शाळा सुटल्यानंतर व सुटीच्या दिवशी शाळेच्या खोल्या, तसेच सार्वजनिक ग्रंथालयांतील जागा प्रौढांच्या वर्गांसाठी वापराव्यात, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच म्हटले आहे. त्यामुळे नव्या इमारतीची गरज नाही. गरज आहे ती वेळापत्रक शेतीकडे पाहून ठरवण्याची. धानाचे चुरणे (मळणी) आटोपल्यावर आणि मोहाची फुले पडू लागण्यापूर्वी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग घेतले तर लोक नक्की येतील. परीक्षा नको. एकमेकांचे लिखाण वाचून दाखवावे, त्यावर बोलावे, ग्रंथालयातील एखादे पुस्तक मिळून वाचावे, एवढे पुरे आहे.

शिकवायला येथील नाट्यलेखक आणि निवृत्त भाषाशिक्षक आहेत. अक्षरओळखीचे काम स्वयंसेवक विनामोबदला करतात, त्याबद्दल आदरच आहे. परंतु दुसऱ्याचे लिखाण दुरुस्त करणे हे वेळखाऊ आणि कसबाचे काम असल्याने त्यासाठी मानधन ठेवावे. कार्यक्रमाची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. ती संपण्यापूर्वी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील प्रत्येकी एका तालुक्यात तरी असा वर्ग सुरू करावा, अशी शिक्षण विभागास आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
ता. लाखांदूर, जि. भंडारा