उसनं नको, परत द्या: ब्रिटनच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी मूळची रत्नागिरीची, आता लंडनकर आणि इथली मतदार. घानातल्या कुमासीत, मानहिया राजवाड्याच्या संग्रहालयात मे २०२४ मध्ये मांडलेल्या ३२ वस्तूंबद्दल लिहिते आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियमने त्या असांतेच्या (आताच्या घानातलं जुनं राज्य, कुमासी त्याची राजधानी) राजांना तीन वर्षांच्या बोलीवर उसन्या दिल्या. फार तर आणखी तीन वर्षं वाढवून मिळतील. त्यात दरबारी तलवार आहे, सोन्याची चिलीम आहे, राजाचा आत्मा शुद्ध करणाऱ्या सेवकांची सोन्याची पदकं आहेत. (एका तंतुवाद्याची सोन्याची प्रतिकृती १८१७ साली रीतसर भेट मिळालेली आहे. सगळीच लूट नाही, हे मान्य.)

बाकीचं कसं आलं? १८७४ च्या युद्धात ब्रिटिश फौजेने कुमासी जाळून बरंच नेलं. उरलेल्याची पाळी १८९६ मध्ये आली. त्याआधी, १८९१ साली, असांतेचा राजा प्रेम्पेह याने ब्रिटिशांचं संरक्षण नाकारलं होतं: मैत्री ठेवू, पण राज्य आमचंच. १८९५ मध्ये त्याचे वकील लंडनला आले, त्यांना सरकारने दारात उभं केलं नाही आणि इकडे फौज निघालीसुद्धा.

२० जानेवारी १८९६ रोजी कुमासीच्या मैदानात प्रेम्पेहने पायातल्या चपला आणि डोक्यावरचा सोन्याचा पट्टा काढला. आई याआ अक्या हिला घेऊन तो पुढे गेला आणि दोघांनी गोऱ्या अधिकाऱ्यांचे पाय धरले. असांते राजाचे अनवाणी पाय जमिनीला टेकणं हे तिथे अरिष्ट मानतात. एवढ्यावरही भागलं नाही. गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर मॅक्सवेल याने १८७४ च्या युद्धानंतरच्या तहात दंड म्हणून ठरलेलं ५०,००० औंस सोनं तिथल्या तिथे मागितलं. प्रेम्पेह काही भाग लगेच द्यायला तयार होता. उत्तरादाखल त्याला आईवडील आणि भावासकट अटक झाली, आणि राजवाडा धुऊन नेला. मग हद्दपारी: एलमिना, सिएरा लिओन, आणि १९०० पासून सेशेल्स. आई तिथेच वारली.

१९२४ मध्ये प्रेम्पेह परतला तो 'मिस्टर एडवर्ड प्रेम्पेह' म्हणून. दोन वर्षांनी त्याला फक्त कुमासीचा प्रमुख केलं. असांतेचं राजपद सरकारने १९३५ मध्ये मान्य केलं, तोवर तो मरून चार वर्षं झाली होती. माणूस सोडला, पद अडकवून ठेवलं. आज वस्तूंच्या बाबतीत तेच चाललंय: सोनं कुमासीत, मालकी लंडनमध्ये.

कायदा आड येतो, संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकता येत नाही, हे आपलं उत्तर मला पाठ आहे. १९६३ चा ब्रिटिश म्युझियमचा, १९८३ चा व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचा. पण नाझी काळात गमावलेल्या वस्तू परत करता याव्यात म्हणून याच संसदेने २००९ मध्ये वाट काढली. आणि आमच्या गावी आणून ठेवलेल्या थिबा राजाचं काय? त्याच्या मंडालेच्या दरबारातला राजऐवज याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने १९६४ मध्ये ब्रह्मदेशाला परत केला. तेव्हा १९८३ चा कायदा नव्हता, एवढाच फरक. त्याने संग्रहालय रिकामं पडलेलं मला तरी दिसत नाही.

तेव्हा मागणी एकच. वसाहतींच्या लढायांत लुटलेल्या वस्तूंसाठी २००९ सारखी दुरुस्ती आणा, आणि कुमासीत परतीच्या पेट्या भरायची वेळ येण्याआधी आणा.

कळावे,
आपली,
एक रत्नागिरीकर