जबाबावर सही नसते

महोदय,

रविवारच्या पुरवण्यांतल्या क्रमशः कादंबऱ्यांत आणि दिवाळी अंकांतल्या दीर्घकथांत सध्या एक साचा वारंवार दिसतो. तालुक्याचे गाव, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा न उलगडलेला खून, शहरातून परतलेली मुलगी आणि तेव्हा ज्या घरावर संशय होता त्याच घरातला मुलगा. साचा उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. या दोघांना जवळ आणणारी आणि तोडणारी गोष्ट एकच असते, जुना कागद. तो कागदच चुकीचा लिहिला की रहस्य तर ढासळतेच, शिवाय त्यावर उभे राहिलेले प्रेमही लटके वाटू लागते.

सर्वाधिक आढळणारा प्रसंग घ्या. नायिका जुन्या जबाबाखाली वडिलांची सही ओळखते आणि हादरते. ही सही तिथे असायलाच नको. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 162 मध्येच होते आणि तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. सही असते फिर्यादीखाली फिर्याद देणाऱ्याची आणि पंचनाम्याखाली पंचांची. तेव्हा सही हवीच असेल तर वडिलांना पंच करावे. कथेचे त्यात नुकसान नाही, फायदाच आहे. साक्षीदार काय तो सांगून मोकळा होतो, पंच मात्र जागेवर उभा असतो. विहिरीच्या काठापासून चप्पल किती फुटांवर होती, कडी आतून होती की बाहेरून, कंदिलाची काच शाबूत होती का, हे त्याच्यादेखत लिहिले जाते आणि तो खाली सही करतो. मग मुलीपुढचा प्रश्न बदलतो. बाबांनी पाहिलेले त्या कागदावर लिहिलेच गेले नाही, असे काही होते का? ठाण्याजवळच्या टपरीवाल्यासारखे काही सरावाचे पंच गावोगाव असतात, बोलावले की जातात आणि न वाचता सही करतात. वडील त्यांतलेच एक होते की त्या एकाच पहाटे त्यांना मुद्दाम उठवून नेले, एवढ्यावर तीन प्रकरणे सहज उभी राहतील.

दुसरी चूक ‘फाइल बंद’ या शब्दांची. खून खरा, पण आरोपी सापडला नाही, तर आपल्याकडे ‘अ’ समरी होते, म्हणजे तपास थांबवण्याचा पोलिसांचा अहवाल. ती मंजूर करतो न्यायदंडाधिकारी, त्यामुळे ठाण्यातला कागद हरवला तरी कोर्टात नक्कल शोधता येते. खुनाला मुदतीची अट नाही, नवा पुरावा आला की पुढचा तपास करता येतो. याहून मोलाची गोष्ट अशी, की सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या निकालानंतर तपास असा मिटवण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे फिर्याद घरच्यांची असेल, तर मयताच्या घरातल्याच कोणीतरी नोटीस घेतली आणि हरकत घेतली नाही. कोण होते ते, आणि गप्प का बसले? इथे खलनायक बाहेरून आणण्याची गरजच उरत नाही.

तिसरी चूक प्रेमाच्या बाजूची आहे. बेपत्ता नवऱ्याची सात वर्षे भरली, बाई मोकळी झाली, असे सर्रास लिहिले जाते. लग्न आपोआप मोडत नाही. सात वर्षे खबर नसेल तर हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट मागता येतो, पण हुकूमनामा कोर्टाकडूनच मिळतो. त्याशिवाय दुसरे लग्न केले तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 494 चा (आता न्याय संहितेच्या कलम 82 चा) अपवाद तिला शिक्षेपासून वाचवतो, मात्र दोन अटींवर. सलग सात वर्षे तो जिवंत असल्याचे तिच्या कानावर आलेले नसावे, आणि लग्नाआधी तिने नव्या नवऱ्याला खरी परिस्थिती सांगितलेली असावी. अख्खी कादंबरी या दुसऱ्या अटीवर तोलता येईल. पाचव्या वर्षी एक आंतर्देशीय पत्र आले असेल तर पहिली अटही गेली, आणि ते आल्याचा पुरावा पोचल्याच्या टपाल कार्यालयाच्या शिक्क्यात असतो. फक्त पत्ता लिहिताना वर्ष पाहावे. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला, 1968 च्या पत्रावर तो छापू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. गावठाणातल्या वाड्याचा सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका पाहावी लागते. सातबारा शेताचा, आणि त्याच्यामागची खरी कहाणी फेरफारात, म्हणजे मयताचे नाव कधी कमी झाले आणि वारस म्हणून कोण लागले त्यात. सिंधुदुर्ग आणि जालना 1981 चे जिल्हे आहेत, 1975 चा खटला तिथल्या जिल्हा न्यायालयात चालवू नये. 1994 चा खून आज उघडकीस आला तरी कलम 302 च लागेल, 103 नव्हे, कारण नवी न्याय संहिता 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, तेव्हा शेवटच्या प्रकरणात आरोपीला ठाण्यात रडवून काही साधत नाही. आणि कोकणातल्या जांभ्याची माती आम्लधर्मी असते, पाऊसही मुबलक, तिथे सांगाडा तीस वर्षांनी जसाच्या तसा निघणे अवघड. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत हाडे जास्त टिकतात, पण ती माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते, त्यामुळे लहानसहान वस्तू जागा सोडतात. लुगडे कुजते, मंगळसूत्राचा दोरा कुजतो. काचेचे काळे मणी आणि दोन वाट्या मात्र राहतात, एकमेकांपासून हातभर अंतरावर.

आपल्याकडे एक विनंती आहे. क्रमशः कादंबरी स्वीकारताना लेखकाकडून एक पानी तारखांचा तक्ता मागवावा. त्यात वर्ष, त्या वर्षी प्रत्येक पात्राचे वय, तेव्हाचा जिल्हा व कायदा आणि त्या वर्षाचा कोणता कागद कथेत येतो, एवढेच असावे. 1985 मध्ये अठ्ठावीस वर्षांचा असलेला फौजदार 2015 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, 2025 च्या कथेत तो अडुसष्ट वर्षांचा म्हातारा असायला हवा. सध्याच्या कथांत तो पन्नाशीचा दिसतो, आणि नायिकेची आई त्याच्याहून लहान असूनही साठीची.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज