प्रमाणपत्रापेक्षा काम द्या

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि समाजकार्याला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले, हे चांगलेच झाले. मात्र माझ्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात वागळे इस्टेटमधील एका कार्यालयात दीड महिना काढला, तेव्हा झेरॉक्स काढणे आणि जुन्या फायली रचणे यापलीकडे तिच्या वाट्याला काहीच आले नाही आणि महाविद्यालयातूनही कोणी साधी चौकशी केली नाही. प्रमाणपत्र तेवढे देखणे मिळाले!

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतात, पण ते श्रमदान वर्गातल्या विषयाशी क्वचितच जोडले जाते. २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळालेली ठाणे खाडी आपल्या दारात आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी किनाऱ्यावरचा कचरा उचलण्याबरोबरच वर्षभर तिच्या पाण्याचे नमुने तपासून निष्कर्ष महापालिकेपुढे मांडले, तर त्यांचा विषयही पक्का होईल. त्यासाठी विद्यार्थ्यांची दैनंदिनी दर आठवड्याला तपासणारा प्राध्यापक नेमावा आणि ते तास त्याच्या कार्यभारात धरावेत, ही विनंती.

– एक पालक, कळवा (ठाणे)