सुभेदार काकांच्या पोर्चमधली फळी

आदरणीय सुभेदार काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे" म्हणता आणि विषय संपतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय मी स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर झाल्याचं त्रिमूर्तीनगरात कळल्यापासून आईला रोज कोणीतरी विचारतं, "नागपूरची पोरगी बर्फावर शिकवायला कशी लागली?" उत्तर तुमच्या पोर्चमध्ये आहे, तर ते तुमच्याच नावानं दिलेलं बरं.

गुलमर्गला चार दिवस बोर्डवर घसरून आले आणि तुमच्याकडे येऊन फुशारक्या मारल्या, तो मे महिना होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरची घरघर. तुम्ही फौजेत असताना तिथल्याच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्की शिकलात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. "माझ्या दोन फळ्या, तुझी एक. मला तुझं येत नाही, पण पडणं सारखंच असते," म्हणालात. दुसऱ्या दिवशी इतवारीतून चार इंची पीव्हीसी पाइप आला. त्यात वाळू भरून दोन्ही टोकांना बूच मारलं, वर प्लायची फळी ठेवली. मला बेसावध गाठून मागून हलकेच ढकललंत. उजवा पाय पुढे पडला. "उलटी आहेस तू!" बोर्डवाले याला गूफी म्हणतात, डावा पाय पुढे ठेवणारे रेग्युलर.

महिनाभर त्या फळीवर उभी राहिले. नजर पायाशी गेली की तुमचा आवाज यायचा, "खाली काहून पाहून राहिली? खाली पाहशील तर खालीच जाशील." गादी टाकून पडायलाही शिकवलंत: मुठी बंद, मार कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर घ्यायचा, तळहात टेकायचा नाही. नवशिक्या स्नोबोर्डरची सर्वांत जास्त मोडतात ती मनगटंच. बोर्डची उताराकडची कड बर्फात रुतली की माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा पलटतो. माझी मनगटं शाबूत आहेत ती त्या गादीमुळे.

पण खरे आभार त्याचे नाहीत. रविवारी कॉलनीचे पोट्टे जमवून "आता यांना शिकव" म्हणालात, त्याचे आहेत. मी फळीवर चढून दाखवायला लागले तर हात धरून खाली उतरवलंत. "करून सगळेच दाखवतात. तू सांग, अन् त्याचे गुडघे पाह." मला राग आला होता. नंतरच्या तर्री-पोह्यांसाठी थांबले, एवढंच.

पुढे शिकायला कॅल्गरीला आले. १९८८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधली एक टेकडी इथे शहराच्या हद्दीतच आहे, त्यामुळे कॉलेज सुटलं की संध्याकाळी बोर्ड. दोन हिवाळ्यांनंतर कॅनडाच्या स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर संघटनेची लेव्हल वन दिली. तीन दिवसांचा कोर्स. त्यात तुम्ही स्वतः कसं चालवता हे बघतात आणि कसं शिकवता हेही. सोबतच्या उमेदवारांना छोटा धडा द्यायचा असतो. मी उणे पंधरामध्ये त्यांना उभं करून वजन, कड, कोन असं पाच मिनिटं ऐकवलं. चालवण्यात पास, शिकवण्यात नापास.

त्या रात्री नऊला फोन केला, तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ. सांत्वन नाहीच. "समोरचा थंडीनं कुडकुडून राहिला, अन् तू भाषण देऊन राहिली. वीस शब्दांत सांग." फोनवरच सांगायला लावलंत. पहिल्यांदा चौतीस झाले. तुम्ही बोटांवर मोजत होतात, काकू मागून हसत होत्या. शेवटी जमलं: "खुर्चीत बसल्यासारखी बस. टाचा बर्फात रोव. समोरच्या झाडाकडे बघ. सावकाश घसर." पुढच्या खेपेला हेच म्हणाले आणि गप्प राहून गुडघे पाहिले.

ज्यांना या वाटेनं यायचंय त्यांच्यासाठी थोडं. लेव्हल वन म्हणजे फक्त नवशिक्यांना शिकवायची परवानगी. वर आणखी तीन पायऱ्या आहेत. ब्रिटन, न्यूझीलंडच्या संघटनांची अशीच प्रमाणपत्रं आहेत, आणि न्यूझीलंडचा मोसम जून ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडे पाऊस असताना. आधी गुलमर्ग किंवा औलीला जाऊन बघा, आवडतंय का ते. बोर्ड भाड्याचा चालतो, बूट मात्र स्वतःचे घ्या. प्रथमोपचाराचा कोर्स नागपुरातच उरकून ठेवा. आणि नुसतं झोकात चालवता येतं म्हणून फी भरू नका. माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

गेल्या शनिवारी सात वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा दोन वळणं जोडून खाली आली. खाली पोचल्यावर तिनं आधी पायाकडे बघितलं. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "खाली काहून पाहून राहिली?" तिला कळलं नाही, पण मान वर केली.

मे महिन्यात येते आहे. पाइपचं एका बाजूचं बूच निघालंय, असं आई म्हणाली. वाळू फेकू नका, मी आले की भरते. काकूंना नमस्कार.

तुमची,
उलटी