विषय: मी लिहिलेलं गिटारचं वर्णन तुम्ही कापलंत आणि ‘चुकीचं वर्णन’ म्हणून दंड मला लावलात

तक्रार विभागाच्या मॅनेजरना,

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर पाऊण तास घालवल्यावर हे लिहितेय. हा चौथा फोन होता, पाचवा मी करणार नाही. तक्रार नंबर तुमच्याकडे आहे, तुमचं ॲप कसं चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी माझी यामाहा एफजी ८०० गिटार तुमच्याकडे विकायला टाकली. २०१७ ला नवी घेतलेली, साडेसात हजार किंमत लावली. मी म्हापशात बारा वर्षं मुलांना गिटार शिकवते, माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांची पहिली गिटार सेकंडहँडच असते आणि ती बघून द्यायचं काम माझ्याकडेच येतं, त्यामुळे जुन्या गिटारमध्ये काय बघायचं आणि काय सांगायचं हे मला कुणी शिकवायला नको. शुक्रवारच्या बाजारात माणूस वस्तू हातात घेतो, उलटीसुलटी करून बघतो, वाजवून बघतो. ऑनलाइन घेणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही, त्याच्याकडे फक्त मी लिहिलेलं आणि मी काढलेले फोटो. म्हणून मी सगळं लिहिलं होतं. पहिल्या तीन फ्रेटना, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, बारीक दोन तारांखाली खळगे पडलेत, नख फिरवलं की लागतात. साउंडहोलजवळ, म्हणजे मधल्या गोल भोकाजवळ, एक रेघ आहे, आतून आरसा आणि टॉर्च घालून बघितलं तर लाकूड शाबूत आहे, रेघ पॉलिशला आहे. एक ट्युनिंग की बदललेली आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासूनची उंची, ३ मिमी, नवशिक्याच्या बोटांना जड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रिजची, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात त्या लाकडी पट्टीची, मागची कड उचललीय. किती उचललीय ते कळावं म्हणून कदंबा बसचं तिकीट त्या फटीत सरकवून फोटो काढला, तिकीट २ मिमी आत जात होतं. ब्रिज उचलणं म्हणजे ओरखडा नव्हे, उद्या तो सुटू शकतो, दुरुस्तीला पैसे लागतात, घेणाऱ्याला हे आधी कळायलाच पाहिजे. तुमच्या चार पर्यायांतून मी ‘चांगली’ निवडलं, ‘उत्तम’ नाही, ‘नव्यासारखी’ तर नाहीच.

तुम्ही काय केलंत? तिकिटाचा फोटो काढून टाकलात, कारण काय तर फोटोत विक्रीच्या वस्तूशिवाय दुसरी वस्तू नको. वर्णन लांब झालं म्हणून पहिल्या दोन ओळी ठेवल्यात, आणि त्या दोन ओळींत मी फक्त आवाज कसा मोकळा आहे ते लिहिलं होतं, दोष सगळे खाली होते, ते गेले. वर ‘चांगली’चं ‘उत्तम, किरकोळ ओरखडे’ केलंत. मला एक शब्द विचारला नाहीत.

गिटार बेळगावच्या एका गृहस्थांनी मुलीसाठी घेतली. चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला, मॅडम तुम्ही स्वतः शिक्षिका असून ब्रिज उचललेला लपवलात? मी तो मेसेज किती वेळा वाचला असेन मलाच माहीत. त्यांची काही चूक नाही, त्यांना जे दाखवलं गेलं त्यावरून मी फसवणारीच ठरते. त्यांनी परत पाठवली, तुम्ही त्यांचे पैसे दिलेत ते बरोबरच केलंत, पण परतीचं भाडं ८९० रुपये आणि ‘चुकीचं वर्णन’ म्हणून ५०० रुपये दंड माझ्या खात्यातून कापलात आणि माझ्या नावापुढे लाल खूण लावलीत.

आता कालच्या फोनबद्दल. आधी अकरा मिनिटं होल्डवर, मग एक मुलगा आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, सिस्टिममध्ये ब्रिजबद्दल काही लिहिलेलं दिसत नाही. मी म्हटलं दिसणार कसं, तुम्हीच काढलंत, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. तो म्हणाला, स्क्रीनशॉट आम्ही ग्राह्य धरत नाही. मग म्हणाला, फोटो स्वच्छ असले की सिस्टिम कंडिशन वर नेते, त्यात तुमचाच फायदा आहे, माल लवकर जातो. मी म्हटलं मला असा फायदा नको, ब्रिज उचलला तर ॲक्शन वाढते, सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण त्या एका लाकडी पट्टीवर असतो. त्यावर तो काय म्हणाला, “मॅडम, बज तो रहा है ना?” मी परत समजावायला लागले तर मध्येच तोडून म्हणाला, “घर में जो बजाते हैं उनसे बात करवा दीजिए, ये थोडा टेक्निकल है.” मी म्हटलं घरात मीच वाजवते. तो दोन सेकंद गप्प, मग “और कोई सहायता?” आणि फोन बंद. बारा वर्षं हेच काम करतेय मी, आणि मला सांगतो घरात वाजवणाऱ्याला फोन द्या! रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार, ऐका एकदा.

आणि एक, परत येताना गिटारच्या तारा सैल केलेल्या नव्हत्या, हेडस्टॉकखाली, म्हणजे तारा पिळायच्या टोकाखाली, काही भरलेलं नव्हतं, आणि तुमच्या गोदामात ती नऊ दिवस पडून होती, भर जुलैत. ॲकूस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो, पावसात आपल्याकडे ८०-९० असतो. जाताना मी तारा सैल करून, सगळीकडून कापड भरून पाठवली होती. येताना तशी यावी याची काळजी कुणी घ्यायची होती? माझ्या पैशानेच परत आली ना ती?

मी सगळं लिहून दिलं होतं. परत सांगते, लिहून दिलं होतं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे वर्णन आणि फोटो वस्तूशी जुळतात अशी हमी तुम्ही विक्रेत्याकडून घ्यायची असते, ती मी दिली आणि पाळली, मोडलीत तुम्ही. त्याच नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात असं आहे. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि तिथून ग्राहक आयोगात जाणार. सहा वर्षांत माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना मीच तुमचं नाव सांगितलं, आता कुठल्या तोंडाने सांगू?

माझे १,३९० रुपये परत करा, लाल खूण काढा, माझं मूळ वर्णन तिकिटाच्या फोटोसकट रेकॉर्डवर घाला. आणि बेळगावच्या त्या गृहस्थांना तुम्ही स्वतः लेखी कळवा की दोष मी सांगितले होते आणि ते तुम्ही काढलेत. त्याची प्रत मला पाहिजे, पैशाआधी आली तरी चालेल.

सोबत दोन फोटो जोडलेत. पहिला जूनमधला, तुम्ही काढून टाकलेला. दुसरा आज सकाळचा, तेच कदंबाचं तिकीट, तीच फट. आता ते ८ मिमी आत जातंय.

एक विक्रेती, म्हापसा