गोलकोंडे बघून ये

प्रिय अनिकेत,

पाँडिचेरीचं काम मिळालं हे वाचून फार आनंद झाला. जातोच आहेस तर गोलकोंडे बघितल्याशिवाय परत येऊ नकोस. श्री अरविंद आश्रमाचं ते निवासस्थान आहे, सहज कुणाला आत सोडत नाहीत. परवानगीच्या मागे आत्तापासूनच लाग.

ही इमारत उभी कशी राहिली ते ऐक. अँटोनिन रेमंड हा चेक वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी १९१९ च्या अखेरीस जपानला गेला आणि तिथेच रमला. तिथे त्याची ओळख झाली फिलिप बार्बिए सँ-इलेर या फ्रेंच इंजिनिअरशी. तो पुढे अरविंदांचा शिष्य होऊन 'पवित्र' झाला आणि आश्रमाची इमारत बांधायचं निघालं, तेव्हा त्याला जपानमधला हा मित्र आठवला. रेमंडने देखरेखीसाठी आपल्या कचेरीतला एक तरुण पाँडिचेरीत ठेवला, जॉर्ज नाकाशिमा. आईवडील जपानी, जन्म १९०५ चा, अमेरिकेतला. बांधकाम बघायला आलेला हा माणूस आश्रमाचाच होऊन गेला. अरविंदांनी त्याचं नाव ठेवलं सुंदरानंद.

तू विचारलंयस, योग्य माणसांच्या गाठी पडल्याशिवाय आपलं काम पुढे जाणार कसं? मला त्यावर नाकाशिमाची पुढची हकिगत सांगावीशी वाटते.

तो अमेरिकेला परतला आणि सिएटलमध्ये फर्निचर करू लागला. १९४२ मध्ये सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उचलून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. नाकाशिमा, त्याची बायको आणि तान्ही मुलगी मीरा यांची रवानगी आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत झाली. तिथे त्याला गेंतारो हिकोगावा भेटला, जपानमध्ये जुन्या पद्धतीने शिकून तयार झालेला सुतार. बांधकामातून उरलेले तुकडे आणि माळावरची वेडीवाकडी झुडपं एवढ्याच लाकडावर दोघं काम करायचे. वास्तुकलेची पदवी घेतलेला नाकाशिमा त्या सुताराच्या हाताखाली जपानी हत्यारं आणि सांधे शिकला.

काही जण ही गोष्ट 'छावणी म्हणजे वरदानच ठरली' अशा थाटात सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. तो अन्याय होता आणि अन्यायच राहिला. श्रेय द्यायचं तर हिकोगावाला द्यावं, कारण कैदेतही त्याने हातातली विद्या सैल पडू दिली नाही. आणि नाकाशिमालाही द्यावं, कारण त्याला कुणाकडूनही शिकायची लाज नव्हती.

१९४३ मध्ये रेमंडनेच हमी घेऊन त्याला सोडवलं आणि पेनसिल्व्हेनियात न्यू होपला नेलं. तिथे त्याने व्यापारी नाकारतात त्या गाठींच्या, तडकलेल्या फळ्या हाती घेतल्या. झाडाची बाहेरची कड रंध्याने सरळ न करता तशीच ठेवली. तडा गेला असेल तिथे डमरूच्या आकाराची लाकडी पाचर बसवली. आपल्याकडे हल्ली कुठल्याही पोपडे उडालेल्या भिंतीला जपानी तत्त्वज्ञानाचं लेबल लावतात, पण ही पाचर आधी कामाची आहे, मग सुंदर. मी शिसवीच्या एका फळीत ती बसवली आहे, म्हणून खात्रीने सांगतो. आधी पाचर घडवायची. तिची कंबर बरोबर तड्यावर ठेवून धारदार सुरीने भोवती रेघ मारायची आणि पटाशीने रेघेच्या किंचित आतूनच खाच कोरायची. पाचरीचे रेषे तड्याला आडवे जायला हवेत. उलटे गेले तर ती कंबरेतच मोडते. नीट बसली की लाकडी हातोडीच्या शेवटच्या ठोक्याला आवाज बदलतो, भरीव येतो. मग तडा पुढे सरकत नाही. तो दिसतो, आणि तो दिसावा म्हणूनच पाचरही लपवायची नाही.

लाकडाचं म्हणणं आधी ऐकायचं, आपला आराखडा नंतर, हे मला नाकाशिमाकडून मिळालं. आराखडा दगडावरची रेघ मानला असता, तर हिकोगावा समोर असूनही त्याला दिसला नसता. तुझ्या साइटवर जो मिस्त्री असेल त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बस. बोलू नकोस, नुसता हात बघ.

नाकाशिमा १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन फर्निचर करून गेला. पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये त्याचं अक्रोडाचं एक मोठं शांती-मेज आहे. ते १९९६ मध्ये आलं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. छावणीत तान्ही होती ती मीराच आता त्याचा न्यू होपचा कारखाना सांभाळते. वेळ काढून ते मेजही बघ.

गोलकोंडेत खिडक्यांना काच नाही. बाहेरच्या बाजूला भिंतभर आडव्या, फिरत्या झडपा आणि खोल्यांना सागवानी पट्ट्यांचे सरकते दरवाजे. पट्ट्या मागेपुढे बसवल्यात, त्यामुळे वारा आत येतो पण नजर जात नाही. दोन पट्ट्यांमध्ये किती फट ठेवली आहे ते मला हवंय. परवानगी असेल तर मापून घे, नसेल तर बोटाच्या अंदाजाने सांग. आणि दुपारी गेलास तर कुठल्या बाजूच्या झडपा उघड्या होत्या तेही लिही. आमच्या चिपळूणच्या कामालाही वारा हवा पण नजर नको, हीच अडचण आहे.

तुझा,
मिलिंद